उतारावरची चाल

किमयाच्या बुटांना लाल माती लागलेली मला पहिल्यांदा दिसली ती दसऱ्यानंतरच्या रविवारी. किमया माझी सून. त्या सकाळी ती पौड रस्त्याने बारा किलोमीटर पळून आली होती. निदान तिने तसं सांगितलं आणि मी वहीत तसं लिहिलं. पण पौड रस्ता डांबरी आहे. शिवाय मोज्यांत कुसळं रुतली होती, आणि डांबरावर कुसळं उगवत नाहीत.

मी चाळीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासली. चूक मला चटकन दिसते. तिचा अर्थ लावताना मात्र मी बहुतेक वेळा घोटाळा करतो. म्हणून वहीतला आकडा तसाच ठेवला.

गेल्या वर्षी किमयाच्या डाव्या नडगीच्या हाडाला बारीक चीर गेली होती. हाड पुन्हा तिथेच दुखावलं तर पळणं कायमचं विसरा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तरी डिसेंबरातल्या मॅरेथॉनसाठी तिने नाव नोंदवलं. मारुंजीतले तिचे कोच दिग्विजय सर म्हणायचे, अंतर थोडं ठेवा, पण चढावर जीव तोडून पळा. मी आयुष्यात बस पकडायलासुद्धा पळालो नाही, पण काळजीपोटी पळण्यावरची चार पुस्तकं वाचून काढली आणि एकदा जेवताना भीतभीत म्हणालो, "सावकाश पळावं आणि अंतर वाढवावं. हाडाला ते सोसेल, असं वाटतं. म्हणजे, पुस्तकात तरी आहे."

माझा मुलगा कौस्तुभ नोकरीसाठी बंगळुरूला असतो. तो फोनवर हसत सुटला. "बाबा, तुम्ही जिना चढताना दोनदा थांबता!"

किमया हसली नाही. "मला बाबांचं पटतंय," ती म्हणाली.

माझं मत कुणाला पटण्याची मला सवय नव्हती. दुसऱ्याच दिवशी भुकूमच्या दुकानातून दोनशे पानी वही आणली, पट्टीने रकाने आखले. ती आली की मनगटावरचं घड्याळ बघून आकडा सांगायची, मी शाईच्या पेनाने लिहायचो.

लाल मातीनंतर मी बारकाईने बघू लागलो, आणि बघू लागलं की दिसतंच. बारा किलोमीटरला दीड तास पुरे, तिला साडेतीन लागत होते. विचारलं तर म्हणायची, "हिंजवडीच्या गाड्या आता पौड रस्त्यावरही येतात, बाबा. थांबावं लागतं." रविवारी, सकाळी सहाला? एकदा गॅलरीत ती फोनवर हळू आवाजात बोलत होती. "नाही सर, घरी नका सांगू. बाबांना तर नकोच."

मग माझी खात्रीच पटली. पलीकडच्या टेकडीवर दिग्विजय तिला चढावर पळवत होता. दोघं मिळून त्या हाडाशी खेळत होती आणि मी मूर्खासारखा रकाने भरत होतो.

पुढच्या रविवारी ती निघाल्यावर मी तिच्या मागे निघालो. सुनेवर पाळत ठेवायला निघालेला सासरा. लिहितानाही लाज वाटते. कुणी विचारलं तर असावं म्हणून काखेत एक पुस्तक घेतलं होतं. ती डांबर सोडून टेकडीच्या पायवाटेला लागली. धापा टाकत मी वर पोचलो, तेव्हा ती दिसेना. समोर मेंढरांचा कळप होता, आणि मी एका करवंदीच्या जाळीआड वाकलो होतो.

"काय ओ मास्तर, काय हरवलं का?"

मागे काठी टेकून एक बाई उभी होती. दसरा झाला की धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढरांसकट त्यांचे तळ, इथे उतरतात, त्यांतली बानूबाई.

"नाही, म्हणजे... माझी सून इकडे आली का? घड्याळवाली?"

"किमया? मग हाक मारा की! सुनंसाठी झुडपात कशापायी बसायचं?"

मी कसंबसं विचारलं, "ती चढावर पळते ना? जोरात? आणखी कुणी असतं का बरोबर?"

"पळतीया?" बानूबाई हसली. "अवं, माझ्या मेंढरांमागं चालतीया. पंधरा दिस झालं. पाय कुटं टेकतोय तिचा! मी रोज म्हनतीया, पोरी, घरी सांग."

"पण घरात ती अगदी सरळ चालते."

"चालंल की. मेंढरू बी तसंच असतंय. आपून बघाय लागलो की सरळ चालतंय. लंगडं हाय म्हनून कळलं तर लांडगा त्येलाच उचलंल, ह्ये भ्या असतंय. आमी म्होरनं कदी बघत न्हाई. उताराव मागनं बघायचं. थितं सोंग टिकत न्हाई. त्ये बगा."

तिने काठीने दाखवलं. खाली ओढ्याकडे कळप उतरत होता आणि त्याच्या मागे किमया. उजवं पाऊल पुरं पडत होतं. डावं टेकताच उचललं जात होतं आणि दर वेळी मान किंचित खाली जात होती. पंधरा दिवस मी तिचे बूट बघत होतो, मोजे बघत होतो, घड्याळ बघत होतो.

"किमया!"

ती वळली आणि त्याच क्षणी दोन्ही पायांवर सरळ उभी राहिली. मी जवळ गेलो तसं तिने काखेतल्या पुस्तकाकडे पाहिलं.

"तुम्ही माझ्या मागे आलात?"

"हो," मी म्हणालो. "चुकलं माझं. मला वाटलं, दिग्विजय तुला चढावर..."

"सरांनी तर पळणं कधीच बंद करायला सांगितलंय. डॉक्टरकडे जा म्हणून रोज फोन करतात."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही एवढी वही आखली होती, बाबा." तिने मनगटावरचं घड्याळ झाकलं. "वाटलं, आठ दिवसांत दुखणं थांबेल. चाललं तरी किलोमीटर भरतातच ना."

तेवढ्यात बानूबाई ओरडली, "मास्तर, आता तरी घरी न्या तिला!"

"आधी डॉक्टरकडे," मी म्हणालो.

"आणि ते म्हणाले, विसरा, तर?"

एकाही पुस्तकात यावर काही नव्हतं. मी हात पुढे केला. तिने नकारार्थी मान हलवली. रस्त्यावर रिक्षा मिळाली असती, पण तिथवर सगळा उतारच होता, आणि मी बघत असेपर्यंत ती त्या पायावर सरळच चालणार होती.

म्हणून मी तिच्या पुढे झालो आणि पायवाट उतरू लागलो. मागे वळून पाहिलं नाही. थोडा वेळ दोन्ही पावलं सारखी वाजली. मग एक पुरं, एक अर्धं.