चोळीबांगडी

‘धंदा शेती, राहणार वडनेर भोलजी’ एवढं लिहून शंकररावांनी टाक दौतीत बुडवला आणि मान वर न करता विचारलं,

“प्रकृती?”

“बरी हाय,” निवृत्ती म्हणाला.

“आणि मन?”

निवृत्ती रस्त्याकडे पाहू लागला. शंकररावांनी थोडी वाट पाहिली आणि ‘शरीराने व मनाने पूर्ण सावध असून’ असं आपलं आपणच लिहून टाकलं. मृत्युपत्रात तसं लिहावंच लागतं. आजवर त्यांच्याकडे मृत्युपत्र करायला आलेलं एकही माणूस असावध निघालं नव्हतं. काही जण तर जरुरीपेक्षा जास्त सावध होते.

खामगावच्या कचेरीसमोर कडुनिंबाखाली जे अर्जनवीस बसत, त्यांत शंकररावांची भाषा सर्वांत शुद्ध होती आणि गिऱ्हाईक सर्वांत कमी. मूळचे ते सातारकडचे. निम्मी हयात वऱ्हाडात गेली तरी वऱ्हाडाचा एक शब्द त्यांनी कागदाला लागू दिला नव्हता. समोरचा ‘वावर’ म्हणाला की ते ‘शेतजमीन’ लिहीत, ‘बुढा’ म्हणाला की ‘तीर्थरूप’. पक्षकाराने तोंडाने काहीही सांगितलं तरी कागदावर ते अंघोळ करूनच उतरे. आपल्या कागदावर खाडाखोड नसते, ही गोष्ट ते चहाच्या प्रत्येक ग्लासाबरोबर एकदा तरी सांगत.

निवृत्ती याच सतरंजीवर पूर्वी एकदा बसला होता, वडील उकंडरावांना घेऊन. महाराष्ट्र नुकता झाला होता. कचेरीच्या पाटीवर जुन्या राज्याचं नाव खरवडून नवं रंगवण्याचं काम चाललं होतं, आणि ते पाहून उकंडरावांनी विचारलं होतं की मालक बदलला की आपले कागद चालतात की नाही. चालतात, असं शंकररावांनी सांगितल्यावरच ते टेकले.

उकंडरावांना कमी ऐकू येई, त्यामुळे बोलताना ते जगालाच कमी ऐकू येतं असं धरून चालत. शंकररावांची प्रस्तावना पुरी व्हायच्या आत त्यांनी आपलं मृत्युपत्र सगळ्या कचेरीला सांगून टाकलं.

“घर निवृत्तीले. बैलजोडी निवृत्तीले. नाल्याकडची वावरं निवृत्तीले. अन् चोळीबांगडी गोजरले.”

चोळीबांगडी हे वावराचं नाव होतं. उकंडरावांची आत्या पंचफुला, तिच्या बापाने ते तिला लग्नात दिलं होतं. हेतू हा की चोळीच्या खणासाठी आणि हातातल्या बांगड्यांसाठी पोरीला कुणाचं तोंड पाहायला लागू नये. पंचफुलेला मूलबाळ झालं नाही. जाताना तिने वावर भाच्याच्या हवाली केलं आणि घरात पोर झाली की तिला दे, म्हणून बजावलं. काळी कसदार जमीन, एका बाजूला विहीर. वडनेरात कुणालाही तिचा सर्व्हे नंबर विचारला असता तर सांगता आला नसता. नाव मात्र शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

शंकररावांना ठाऊक नव्हतं. त्यांना फक्त एवढंच ऐकू आलं की एक म्हातारा बाप मरणाच्या गोष्टी करताना लेकीच्या चोळीची आणि बांगडीची आठवण ठेवतो आहे. ते त्यांच्या मनाला भिडलं, आणि मनाला काही भिडलं की त्यांची भाषा आणखीच शुद्ध होई. त्यांनी लिहिलं, ‘माझी कन्या सौभाग्यवती गोजराबाई हिला प्रतिवर्षी चोळी-बांगडी देत जावी. उर्वरित सर्व स्थावर व जंगम मिळकतीचा मालक चिरंजीव निवृत्ती हा राहील.’ मग त्यांनी सगळा मजकूर मोठ्याने वाचून दाखवला. उकंडरावांना त्यातलं बरंचसं ऐकू आलं नाही आणि जे आलं ते कळलं नाही. तेवढ्यात आपले स्वतःचे दोन शब्द कानावर पडले, तेव्हा त्यांनी समाधानाने मान हलवली.

निंबाखाली बसलेल्या तिघांत काय झालं ते एकट्या निवृत्तीला कळलं होतं. त्याने तोंड उघडलं, ही गोष्ट त्याच्या बाजूने सांगायला हवी. उघडलेल्या तोंडाने तो म्हणाला,

“मी चहा सांगून येतो.”

टपरी रस्त्यापलीकडे होती. तो ग्लास घेऊन परतला तेव्हा अंगठा उठवून झाला होता, साक्षीदार सह्या करून गेले होते आणि उकंडराव बोटाची शाई निंबाच्या खोडाला पुसत होते.

“गोजरचं झालं,” ते म्हणाले. “आता मी मोकळा.”

चहा चांगला होता, असंही ते म्हणाले. पुढची पेरणी त्यांनी पाहिली नाही.

निवृत्तीने वडिलांचा कागद अक्षरशः पाळला. दर दिवाळीला तो खामगावला येऊन चोळीचा खण घेई, कासाराकडून बांगड्या घेई आणि एसटीने घाट चढून जानेफळला बहिणीकडे जाई. ज्या वर्षी चोळीबांगडीत कपाशी चांगली येई त्या वर्षी बांगड्या जास्त भारी येत. कासार त्याला पाहिलं की साध्या बांगड्या मागे सारून नक्षीच्या पुढे ओढी. वडनेरातल्या बायका आपापल्या भावांना त्याचा दाखला देत. बहिणीचं करावं तर निवृत्तीनं करावं, असं लोक त्याच्या तोंडावर म्हणत, आणि अशा वेळी तो बैलाच्या शिंगाकडे नाहीतर आभाळाकडे पाही. त्यामुळे लोकांना तो विनयशीलही वाटे.

यंदा उन्हाळ्यात गोजरबाईचा नवरा उत्तमराव गेला. दिवाळीला निवृत्ती कासारासमोर जाऊन उभा राहिला आणि काय मागावं ते त्याला सुचेना. कासाराने सवयीने नक्षीच्या बांगड्या काढल्या, मग गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता परत ठेवल्या. निवृत्ती नुसता खण घेऊन जानेफळला गेला.

गोजरबाई घरी नव्हती. दिराच्या बायकोने सांगितलं की ती दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायला गेली आहे. घरात बसून खायला तिला बरं वाटत नाही. हे सांगताना तिला स्वतःला मात्र बरं वाटत असावं. संध्याकाळी गोजरबाई आली, कमरेचा वेचणीचा पदर सोडला, हातपाय धुतले आणि भावाला जेवायला वाढलं. तिच्या बोटांच्या टोकांना बोंडांच्या काट्यांनी चिरा पडल्या होत्या. खण तिने हातात घेतला, उलटा करून पाहिला आणि बाजूला ठेवला.

“चोळी तं आणली,” ती म्हणाली. “बांगडी नाई आणली?”

“बाई, आता तू…”

“मी घालत नाई. माहीत हाय मले.” तिने भाकर त्याच्या ताटात टाकली. “पण बाबानं ते घालाले नव्हती देली, भाऊ. पेराले देली होती.”

निवृत्तीचा हात ताटातच राहिला. चुलीत एक ओलं लाकूड धुपत होतं. गोजरबाईने वाकून ते बाहेर ओढलं, आणि त्याच्याकडे पाठ असतानाच बाकीचं बोलली. कागद करून आल्यावर आठच दिवसांनी बाबा जानेफळला आले होते. मुद्दाम, एवढंच सांगायला. चोळीबांगडी तुझ्या नावानं करून आलो म्हणाले, आणि पोटभर जेवून गेले. ते गेल्यावरच्या पहिल्या दिवाळीला तिला वाटलं होतं की भाऊ वावर दाखवायला नेईल. भाऊ खण घेऊन आला. तिने तो शिवून घातला.

“तवा काऊन नाई बोलली?” निवृत्तीने विचारलं.

“हे होते ना. मी बोलली असती तं हे कोर्टात गेले असते.” तिने लाकूड पाण्यात विझवलं. “वावर भेटलं असतं कदाचित. माहेर नसतं राह्यलं.”

आणि आता, असं निवृत्तीने विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. कढी आहे, आणखी घे, एवढंच म्हणाली, आणि त्याने घेतली. सकाळच्या पहिल्या गाडीने तो निघाला तेव्हा ती वेचणीला निघूनही गेली होती.

“हं,” निंबाखाली शंकररावांनी पुन्हा टाक उचलला. “घर आणि नाल्याकडची शेतजमीन मुलांना. ते झालं. आणखी?”

“चोळीबांगडी माह्या बहिणीले. गोजरबाईले.”

शंकररावांची भाषा याही खेपेला आणखीच शुद्ध झाली. ‘भगिनी गोजराबाई हिला प्रति’ इथपर्यंत टाक आला आणि निवृत्तीने कागदावर तळहात आडवा ठेवला.

“प्रतिवर्षी नाई. वावर हाय ते. वावराचं नाव हाय.”

टाक जिथल्या तिथे थांबला. शाईचा एक थेंब टोकाशी जमला, लोंबला आणि कागदावर पडला. शंकरराव त्या डागाकडे पाहत राहिले. त्यांच्या हातून असंख्य कागद गेले होते आणि बहुतेक पक्षकार ते विसरले होते. पण कचेरीची पाटी रंगवली जात असताना मोठ्याने बोलणारा, खोडाला शाई पुसणारा एक म्हातारा त्यांना आठवला. निंबावरचा तो अंगठ्याचा डाग पुढे पुष्कळ दिवस दिसत असे.

“म्हणजे उकंडरावांच्या कागदात…”

“हाव.”

शंकररावांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला.

“पण तुम्ही तर इथंच बसला होतात.”

“चहा सांगाले गेलो होतो,” निवृत्ती म्हणाला.

रस्त्यावरून कापसाच्या गाड्या जिनिंगकडे चालल्या होत्या. त्यांतली शेवटची वळेपर्यंत दोघांनी ती अगदी लक्ष देऊन पाहिली. मग शंकरराव आपल्या धंद्याच्या भाषेत परत आले. तिथे त्यांना जरा आडोसा मिळे.

“बाईंचं वय काय?”

“मले कडेवर घेऊन हिंडे ते.”

“मोठी आहे म्हणजे.” शंकररावांनी टाक खाली ठेवला. “हे पाहा निवृत्तीराव, मृत्युपत्राचा अंमल तुमच्यानंतर. त्याआधी बाई गेल्या तर त्यांच्या नावापुढचं हे वाक्य नुसतं वाक्य राहील. वावर पुन्हा तुमच्या मुलांकडे. आणि असल्या तरी त्यांनी तोवर वाट पाहायची.” ते क्षणभर थांबले. “आणि तुमची प्रकृती तर बरी आहे.”

निवृत्तीने सतरंजीचा सुटलेला दोरा ओढला. तो बराच लांब निघाला.

“मंग?”

“बक्षीसपत्र. जिवंतपणी देता येतं. आज लिहायचं, आजच नोंदवायचं. रजिस्ट्रार आत बसलेत. तलाठ्याकडे बाईंचं नाव चढलं की त्या उद्यापासून मालक.”

“वावरात कपाशी उभी हाय.”

“कपाशी तुमची, जमीन त्यांची, असं लिहिता येतं.”

“घरी इचारा लागीन.”

“वडिलांनी तुम्हाला दिलं तेव्हा कुणाला विचारलं होतं?” शंकरराव म्हणाले, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की हे वडिलांनी दिलेलंच नव्हतं. त्यांनी घाईघाईने डाग पडलेला कागद बाजूला सारला आणि कोरा समोर ओढला.

निवृत्ती उठला. धोतराला लागलेली निंबाची पानं त्याने झटकली.

“चहा सांगून येतो,” तो म्हणाला.

तो रस्ता ओलांडून जाईपर्यंत शंकरराव त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहत राहिले. मग त्यांनी कोऱ्या कागदावर वर मधोमध ‘बक्षीसपत्र’ असं लिहिलं आणि खाली, आयुष्यात पहिल्यांदाच शब्दाला अंघोळ न घालता लिहिलं, ‘मौजे वडनेर येथील चोळीबांगडी या नावाचे वावर’. पुढचं निवृत्ती परतल्याशिवाय लिहिता येण्यासारखं नव्हतं. टाक हातात धरून ते बसून राहिले.

टपरीवाल्याने दोन ग्लास पुढे केले. निवृत्तीने एकेका हातात एकेक घेतला आणि रस्त्याच्या कडेला येऊन उभा राहिला. मागच्या खेपेला तो इथून परतला तेव्हा पलीकडचं सगळं उरकलेलं होतं. या खेपेला त्याच्यावाचून काहीच उरकणार नव्हतं. रस्ता मोकळा होता. कापसाची गाडीसुद्धा येत नव्हती. ग्लास बोटांना चटके देत होते, आणि मग तो तिथेच उभा असताना हळूहळू चटके बसायचे थांबले.