मी कारखान्यात जन्मलो नाही

मी एक अंतराळयान बोलतोय. घाबरू नका, वरून कुठून उतरलेलो नाही. दिल्लीत, आर. के. पुरमच्या एका सरकारी क्वार्टरच्या मागच्या बाल्कनीत माझा जन्म झाला. लांबी जेमतेम हातभर. आजवरचं सगळ्यात मोठं उड्डाण म्हणजे फ्रिजवरून पुस्तकांच्या कपाटावर, तेही साफसफाईच्या दिवशी.

जन्माचं एवढं ठासून सांगतोय, कारण अलीकडे काही लोकांनी तो वेगळाच सांगितला. मोठ्या पडद्यावर, मोठ्या आवाजात. ते मनाला फार लागलंय, म्हणून तुमच्यापुढे बोलतोय.

चौऱ्याण्णव साली सुधाकरराव पुण्याहून केंद्र सरकारच्या नोकरीत दिल्लीला आले. लग्न नवं, गाव नवं, हिंदी धड येत नाही. एका रविवारी ते आणि कुमुदिनीबाई करोल बागेत स्वेटर घ्यायला गेले आणि गर्दीला कंटाळून एका थिएटरात शिरले. इंग्रजी सिनेमा लागला होता. त्यात एक जुनाट यान होतं आणि ते चालवणारी एक म्हातारी. यान कुणी बांधलं, हे सिनेमात कुणालाच ठाऊक नसतं. त्याच्या डाव्या कुशीवर एक ठिगळ असतं. म्हातारी त्यावर तळवा ठेवते आणि म्हणते, कोण होता कोण जाणे, पण जीव लावून ठोकलंय.

सुधाकरराव तो सिनेमा तीनदा बघून आले. स्वेटर राहिलाच. त्या थंडीत स्वेटरऐवजी माझं काम निघालं.

खोबरेल तेलाचा पत्र्याचा डबा म्हणजे माझं पोट. मोडक्या छत्रीच्या काड्या म्हणजे पंख. कुकरची जुनी शिट्टी नाकावर. इंजिनाच्या तोंडाला काही गोल, पितळी हवं होतं. कुमुदिनीबाईंच्या देवघरातलं एक निरांजन पडून त्याला चीर गेली होती. तडकलेलं पूजेला चालत नाही, म्हणून ते यमुनेत सोडायचं ठरलं होतं. त्यांनी ते हातात घेतलं, कपाळाला लावलं आणि नवऱ्यापुढे ठेवलं. “घ्या. देवाजवळ होतं, तुमच्या विमानाला उजेड देईल.”

मला त्या आजही विमानच म्हणतात. मी दुरुस्त करत नाही.

ऑफिसातून येऊन रोज तासभर, असे आठ महिने गेले. ठिगळ शेवटी ठोकलं. शेजारच्या बाई विचारायला आल्या, “भाभीजी, भाईसाहब बर्तन बना रहे हैं क्या?”

पुढे मुलगी झाली, मयुरा. तिला जेवू घालताना सुधाकरराव मला हातात धरून सांगायचे, की मला खाणीतल्या माणसांनी बांधलं. बायकांनी घरची भांडी दिली, ज्याला जे जमलं ते त्यानं ठोकलं. सिनेमात यातलं काही नव्हतं. ही त्यांची स्वतःची समजूत. पण इतकी वर्षं ऐकून मलाही तेच आठवायला लागलं. मयुरा मोठी झाली तसा मी माळ्यावर गेलो. एक पंख वाकला. तीन क्वार्टरं बदलली, पण प्रत्येक वेळी सामानात मी असायचोच.

दोन वर्षांपूर्वी सुधाकररावांना काचबिंदू निघाला. उशिरा कळलं. कडेचं दिसणं गेलंच होतं. डॉक्टर म्हणाले, थेंब घाला, जे आहे ते जपा, गेलेलं परत येत नाही.

त्याच्याही बऱ्याच आधीपासून बातम्यांत होतं, की त्या जुन्या सिनेमाच्या आधीची गोष्ट सांगणारा सिनेमा निघतोय. प्रीक्वेल म्हणतात त्याला, मयुरानं सांगितलं. यानाचा जन्म दाखवणार होते. म्हणजे माझाच की हो! पण त्याचं घोडं पाच वर्षं अडलेलं. दिग्दर्शक सोडून गेला, कंपनी विकली गेली.

श्रावणात कुमुदिनीबाईंनी सोळा सोमवार धरायचं ठरवलं, नवऱ्याच्या डोळ्यांसाठी. सुधाकरराव हसत म्हणाले, “डोळ्यांचं डॉक्टर बघतायत गं. करायचंच असेल तर माझ्या सिनेमासाठी कर. दिसतंय तोवर तेवढा येऊ दे.”

ते चेष्टेत म्हणाले. बाईंनी तांदूळ-पाणी हातात घेऊन तोच संकल्प सोडला.

दर सोमवारी दिवसभर उपास, संध्याकाळी पूजा, मग चुरम्याचा प्रसाद. चौदाव्या सोमवारी मयुराचा गुडगावच्या ऑफिसातून फोन आला. “बाबा, डेट आली! फायनल! होळीच्या आधीचा शुक्रवार.” बाई तशाच देवापुढे जाऊन बसल्या. मला माळ्यावरून काढून चिंचेनं घासलं, पंख सरळ केला. मी लखलखलो. इतकं कौतुक माझं कधी झालं नव्हतं.

त्या शुक्रवारी तिघं मला कापडी पिशवीत घालून मॉलमध्ये गेली. दारावरच्या गार्डनं मला उलटंसुलटं केलं.

“अंकल, ये क्या है?”

“स्पेसशिप.”

“उड़ता है?”

“नहीं.”

“तो ले जाइए.”

आत सिनेमाचं चित्र छापलेले टी-शर्ट घातलेली बरीच मुलं होती. मला बघून एकच गिल्ला. “अंकल, हाथ से बनाया? यार, ये देख!” सुधाकरराव लाजले, पण प्रत्येकाबरोबर फोटो काढून घेतला. कडेचं दिसत नाही म्हणून मयुरानं मागच्या रांगेतली मधली खुर्ची घेतली होती. मी मांडीवर. त्यांचा हात माझ्या ठिगळावर.

आणि माझा जन्म सुरू झाला.

पडद्यावर एक झगझगीत कारखाना आला. कुठल्याशा सम्राटाचा. यंत्राच्या एका तोंडातून पत्रा आत, दुसऱ्यातून यान बाहेर. एकासारखं एक, हजारो. माणूस एकही नाही. त्यातलं एक यान राजपुत्राला भेट मिळतं, तर तो नाक मुरडतो, फारच नवं दिसतंय म्हणून. मग यंत्राचा एक हात येतो आणि यानाच्या डाव्या कुशीवर ठिगळ रंगवतो. ठोकत नाही, रंगवतो. फॅशन म्हणून. तो विनोद होता. थिएटरात दोघं-चौघं हसलेसुद्धा.

सुधाकररावांनी माझ्या ठिगळावरचा हात काढून घेतला.

बत्तीस वर्षांत मी पडलो, वाकलो, माळ्यावर धूळ खाल्ली. तेव्हा इतकं परकं वाटलं नव्हतं. ज्यांचं बघून माझा जन्म झाला, त्यांनाच माझी किंमत नव्हती.

दिवे लागल्यावर टी-शर्टवाला एक मुलगा जवळ आला. “अंकल, इतने साल वेट किया... इसके लिए?” सुधाकररावांनी त्याच्या पाठीवर थोपटलं.

मेट्रोत मयुरा म्हणाली, “बाबा, चिल ना. सिनेमाच तर आहे.”

“हो. सिनेमाच आहे.”

ते भांडले असते तर तिला बरं वाटलं असतं.

घरी आल्यावर मी कपाटावर गेलो नाही. चपलांच्या स्टँडवर, भिंतीकडे तोंड करून ठेवला गेलो. सोमवारी कुमुदिनीबाई पूजा आटोपून बाहेर आल्या आणि नवऱ्यासमोर बसल्या. डोळे भरलेले.

“अहो, माझंच चुकलं. मी नुसतं ‘सिनेमा येऊ दे’ म्हटलं. ‘चांगला येऊ दे’ म्हणायचं राहिलं.”

“कुमुद, पटकथा काय महादेव लिहितात?”

“हसू नका. सोळा सोमवार करून तुम्हाला दुःख दिलं मी. त्याऐवजी डोळ्यांचं मागितलं असतं तर?”

यावर ते हसले नाहीत. बाईंचा हात धरून बसून राहिले.

रविवारी मयुरा आली ती ठरवूनच. “नवा गेला खड्ड्यात. आपण जुनाच बघू या, चलो.” टीव्हीवर तो लावला. सुधाकरराव अगदी जवळ खुर्ची ओढून बसले. म्हातारी आली, यान आलं. तिनं ठिगळावर तळवा ठेवला.

“बंद कर.”

“बाबा, हाच तर तुमचा आवडता...”

“बंद कर म्हटलं ना! तिला माहीत नाही कुणी ठोकलं ते. मला आता माहीत झालंय.”

मयुरानं रिमोट खाली ठेवला. नुकसान किती झालंय, ते तिला तेव्हा कळलं. नवा सिनेमा वाईट निघाला, एवढ्यावर भागलं नव्हतं. त्यानं जुनाही नेला होता. आणि हे दिसण्याचे दिवस मोजके.

कुमुदिनीबाई वाती वळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “मला नाही माहीत.”

“काय?”

“कुणी बांधलं ते. तो कारखाना आला आणि तुमचा चेहरा बघवेना. मी डोळे मिटून जप करत बसले. ते संपेपर्यंत उघडलेच नाहीत. तर मला तुम्ही मयुराला सांगायचात तेवढंच ठाऊक. तेही अर्धंच, मी स्वयंपाकघरात असायचे. मला काही नीट सांगितलं नाहीत तुम्ही.”

मग सुधाकरराव म्हणाले, “एक खाण होती. डोंगराच्या पोटात. दीडशे माणसं होती...” आणि थांबले. “जाऊ दे. खोटं वाटतं आता सांगताना.”

बाईंनी आग्रह केला नाही. सोमवार गेला, मंगळवार गेला. त्या रोज दिवेलागणीनंतर वाती घेऊन त्यांच्यासमोर बसायच्या, एवढंच. मी भिंतीकडे तोंड करून ऐकायचो. फक्त पंख्याचा आवाज.

आज मात्र थोड्या वेळापूर्वी सुधाकरराव उठले. चाचपडत चपलांच्या स्टँडपाशी आले. मला उचललं, धोतराच्या फडक्यानं पुसलं आणि मांडीवर घेऊन बसले. खाकरले.

“कुठपर्यंत आलो होतो गं आपण?”

“खाणीपर्यंत,” बाई म्हणाल्या. “दीडशे माणसं होती.”

तेव्हा मंडळी, माझं बोलणं इथेच थांबवतो. एक विनंती आहे, आता जरा वेळ आवाज करू नका. माझा जन्म व्हायचाय.