डाव्या हातातला रेकॉर्डर

मी एक जुना रेकॉर्डर आहे. मित्रांनो, असे म्हणायची रीत आहे म्हणून म्हणतो. एरवी माणसांशी माझे फारसे पटत नाही. ती माझ्या तोंडाशी येऊन खोटे बोलतात आणि मला ते जसेच्या तसे पोटात ठेवावे लागते.

घानातल्या असुक्रोम गावच्या रेडिओ केंद्रात मी नऊ वर्षे राबलो. नवा होतो तेव्हा संपादक आसिएदू मला मऊ फडक्याने पुसत. पुढे मोबाइल आले आणि मी तुटक्या वायरींबरोबर एका खणात जाऊन पडलो. नऊ वर्षांत कोणी माझ्या तोंडावरची साधी जाळीसुद्धा बदलली नाही.

तिथून मला पोकुआने बाहेर काढले. चोवीस वर्षांची, राजधानीत शिकून आलेली. बातमी लिहायची, केंद्राच्या संकेतस्थळासाठी फोटो काढायचे, चित्रफीत करायची, आवाज घ्यायचा, सगळे तिने एकटीने.

"सर, हे चार माणसांचं काम आहे," ती म्हणाली.

"म्हणूनच तुला घेतली," आसिएदू म्हणाले. "चौघं चहालाच जास्त वेळ घालवतात."

कॅमेरा नाजूक आणि महागडा, म्हणून तो तिच्या उजव्या हातात. मी डाव्या. फुटबॉलच्या मैदानात, पुढाऱ्यांच्या धक्काबुक्कीत कोण हात बघतो? पण आमच्याकडे डावा हात शौचाचा. वडीलधाऱ्यांपुढे तो करणे म्हणजे थोबाडीत देणे. पोकुआला हे ठाऊक नव्हते असे नाही. कामाच्या सवयीने ती विसरली, आणि त्याचा मला अजूनही राग आहे.

एका मंगळवारी टोमॅटोबाजार जळाला. नगरमंडळाने लगेच सांगून टाकले, बायकांच्या चुलींनी आग लागली. शुक्रवारी बैठक होती; त्यात त्यांना तिथून कायमचे उठवायचे ठरणार होते. दोनशे बायकांचे पोट त्या जागेवर होते.

बुधवारी पोकुआ बाजारात धावली. बायकांची पुढारीण, नाना आफ्राकोमा, जळक्या खोक्यावर बसली होती. नाना ही आमच्याकडे मानाची हाक, मग बाई असो की बुवा. पोकुआने ना नमस्कार केला, ना विचारपूस. उजव्या हाताने कॅमेरा रोखला आणि डाव्या हाताने मला थेट म्हातारीच्या तोंडासमोर धरले.

आजूबाजूच्या बायका उठून उभ्या राहिल्या.

"मंडळाने आधी आग लावली, आता डावा हात दाखवायला पोरगी पाठवली!" एक बाई किंचाळली. दुसरीने मला असा फटका दिला की मी सडक्या टोमॅटोंच्या ढिगात जाऊन पडलो.

"अहो, उजव्या हातात कॅमेरा आहे ना!" पोकुआ ओरडली.

"म्हणजे कॅमेरा मोठा आणि मी लहान?" नाना शांतपणे म्हणाली. "नीघ इथून."

बायकांनी तिला रस्त्यापर्यंत हाकलले. जाता जाता ती मला उचलायला वाकली, तर पाठीवर टोमॅटो बसले.

केंद्रात आसिएदू वैतागले. "त्या बोलत नाहीत ना? मग मंडळाचं म्हणणं लाव आणि मोकळी हो. ते आपल्याला जाहिराती देतात, त्या बायका देतात का?"

पोकुआने मला खणात आदळले. रडली, चिडली, मला शिव्या दिल्या. जणू हात माझाच होता!

गुरुवारी मात्र ती रीतीप्रमाणे मावशीला मध्यस्थ म्हणून पुढे घालून, भेटीची मद्याची बाटली घेऊन माफी मागायला गेली. कॅमेरा तिने घरीच ठेवला होता. डावा हात पाठीमागे बांधल्यासारखा धरून ती गुडघ्यावर बसली. नानाने तिला तसेच ताटकळत ठेवले. अर्ध्या तासाने मावशीकडे बघून म्हणाली, "हिच्या गुडघ्यांना कळ लागली असेल. बोलू दे आता."

पोकुआने मला उजव्या हातात धरले.

"मंगळवार हा बाजाराच्या विश्रांतीचा दिवस," नाना म्हणाली. "माझ्या आजीपासून त्या दिवशी इथे चूल पेटत नाही. पेटवली तर आम्हीच त्या बाईला बाजाराबाहेर काढतो. चुलीने आग लागली म्हणणाऱ्यांना एवढंच विचार, कुठल्या चुलीने?"

"चित्र नाही तर बातमी नाही," म्हणून आसिएदूंनी ते लावायला नकार दिला. चित्र हे निमित्त होते, त्यांना मंडळाशी वाकडे नको होते. मी त्यांना नऊ वर्षे ओळखतो. शुक्रवारी सकाळी पोकुआने मला बाजाराच्या दवंडीच्या भोंग्याला जोडले. त्याच भोंग्यावरून हरवलेल्या शेळ्या आणि गावातल्या मयती सांगतात. नानाचा आवाज बाजारासमोरच्या नगरमंडळाच्या खिडक्यांतून बैठकीत गेला. बायका दारात जाऊन उभ्या राहिल्या आणि विचारू लागल्या, "कुठल्या चुलीने?" मंडळाने ठराव मागे घेतला. आग कोणी लावली, हे मात्र आजवर कोणी शोधलेले नाही.

मित्रांनो, शेवटी एक विनंती करायची असते. वस्तू जपा, पण ती कोणापुढे कोणत्या हाताने धरता, तेही बघा. माझ्या जाळीत टोमॅटोचे बी अजून अडकले आहे. ते काढू नका.

त्याच शुक्रवारी दुपारी आसिएदूंनी पोकुआला बोलावले. "उद्यापासून येऊ नकोस. कॅमेरा ठेव."

तिने कॅमेरा त्यांच्या नाकासमोर धरला. आसिएदूंचा चेहरा उतरला, कारण हात डावा होता.

उजव्या हातात मी होतो.