कोऱ्या दाखल्यावरची सही

प्रशिक्षणाला मी रागातच गेले होते. बढतीसाठी हा कोर्स सक्तीचा, म्हणून आमच्या आबिड्सच्या ऑफिसातून मला शहरातल्याच हिमायतनगरला धाडलं. माझ्या टेबलावरच्या फायली कोण बघणार, हे मात्र कोणी सांगितलं नाही. हॉलमधला एसी नको तितका थंड, चहा नको तितका गोड, आणि शिकवायला सगळे निवृत्त साहेबलोक. आमच्याकडे ही रीतच आहे. साहेब निवृत्त झाला की आम्हाला सचोटी शिकवायला येतो. त्यात शेवटच्या दिवशीचं आभारप्रदर्शन माझ्याच गळ्यात पडलं, कारण ही बाई कुणाला घाबरत नाही असा माझा लौकिक.

सचोटीच्या तासाला हिम्मतराव साहेब आले. एके काळी शहरातच तहसीलदार होते. खादीचा ढगळ शर्ट, आवाज हळू. त्यांनी स्वतःच्या कार्यालयातलं एक उदाहरण सांगितलं. मुलीच्या लग्नासाठी रजेवर जाताना त्यांनी रहिवासी दाखल्यांचे कोरे कागद सह्या करून कारकुनाजवळ ठेवले होते. लोकांना हेलपाटे पडू नयेत म्हणून तेव्हा सगळेच साहेब असं करायचे. कारकुनाने त्यातला एक कागद वापरून स्वतःच्याच घरच्या माणसासाठी खोटा दाखला केला. पुढे चौकशी लागली.

"माणूस कामाला इतका मानणारा, की टेबलाशी बसण्याआधी चपला काढून ठेवायचा," साहेब म्हणाले. "आणि त्यानेच केसाने माझा गळा कापला."

हॉल हसला. असा माणूस मी लहानपणापासून बघत आलेय. माझे वडील, नागोराव, आजही पत्र लिहायला बसले तरी आधी चपला काढतात. त्याच खात्यात ते कारकून होते आणि गुडघे धरले म्हणून त्यांनी मुदतीआधी नोकरी सोडली, असं आम्ही घरातले सगळे समजत होतो. माझ्या बापावर चाळीस माणसं हसत होती.

मी उभी राहिले. मग काय, तोंडाला लगाम राहिला नाही. सह्या करून कागद मागे टाकून जाणारे साहेब, आणि चोर ठरला तो गरीब कारकून, असं मी सरळ सुनावलं. तो कारकून माझा बाप आहे, हेही सांगितलं. बाजूला बसलेली पद्मावती माझा पदर ओढत होती, पण मी ऐकते कुठली.

साहेबांनी माझं नाव विचारलं.

"गीता. गीता नागोराव हनवते."

त्यांनी चष्मा काढला. माझ्याकडे नीट पाहिलं. मला वाटलं, आता बाहेर काढणार. पण ते म्हणाले, "यांचं बरोबर आहे. सही माझी होती, तर चूकही माझीच. हे उदाहरण मी मागे घेतो." आणि तास अर्धवट टाकून ते निघून गेले. मागच्या बाकांवरून कोणीतरी टाळ्या वाजवल्या. खरं सांगते, मला फार बरं वाटलं.

घरी आले तेव्हा बाबा आईसोबत गवारीच्या शेंगा मोडत बसले होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, जरा तिखटमीठ लावूनच. मला वाटलं, त्यांचे डोळे भरून येतील. बाबांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"साहेबाला असं बोललीस? सगळ्यांसमोर?"

"हौ. मग काय ऐकून घेऊ?"

"माय, ते खरं बोलले," बाबा म्हणाले. "गळा मीच कापला."

मी आईकडे पाहिलं. केसरबाईंनी, म्हणजे आमच्या आईने, मान वर केली नाही. म्हणजे तिला माहीत होतं. कुणासाठी, एवढंच कसंबसं विचारलं.

"तुझ्यासाठी," बाबा म्हणाले. "तो दाखला तुझ्या नावाचा होता."

मी धर्माबादला मामाकडे राहून शिकले. ते पडलं महाराष्ट्रात, म्हणजे दुसऱ्या राज्यात. इथल्या कॉलेजात जागा हवी तर मागची वर्षं इथेच राहिल्याचा दाखला लागायचा. बाबांनी तो लिहिला, खाली साहेबांची सही होतीच. अर्जाला कागद त्यांनीच जोडले होते, मी ते पाहिलेही नव्हते. चौकशी आली तेव्हा त्यांनी स्वतः जाऊन साहेबांना सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, पोरगी कॉलेजात जायला लागली आहे, तिचं नाव यात नको, तुम्ही नोकरी सोडा. आणि चौकशीत कोऱ्या सह्यांचा दोष स्वतःवर घेतला. त्यांची बढती तिथेच थांबली ती कायमची.

माझं कॉलेज त्या कागदावर, नोकरी त्या कागदावर, आता बढतीही त्याच कागदावर. आणि ज्याने ते पोटात ठेवलं, त्याला मी भर वर्गात धुऊन काढलं होतं. माझं नाव ऐकून त्यांनी चष्मा का काढला, ते आत्ता कळत होतं. एक शब्द बोलले असते तर मी संपले असते. मला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

शेवटच्या दिवशी समारोपाला साहेब आले. व्हरांड्यात मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर ते मागे सरकले.

"नागोराव कसे आहेत?" त्यांनी आधी विचारलं. मग हळूच म्हणाले, "बाई, दाखला कुणाच्या नावाचा होता, हे इतक्या वर्षांत कुणी विचारलं नाही. आजही कुणी विचारणार नाही. चांगलं काम करा, बस्स."

मग आभारासाठी माझं नाव पुकारलं गेलं. संचालक, जेवणवाले, हॉलवाले, सगळ्यांचे आभार मी रात्री बसवून ठेवले होते. त्यातलं एकही वाक्य आठवेना. समोर तीच चाळीस माणसं होती. साहेबांकडे बघून दोघं-तिघं एकमेकांच्या कानात काहीतरी कुजबुजत होते. ते मला सहन झालं नाही.

माइकपाशी जाऊन मी चपला काढून ठेवल्या. पहिल्या रांगेत साहेबांच्या ते लक्षात आलं, आणि ते मानेनेच नको, नको म्हणू लागले.

"त्या दिवशीचं उदाहरण अर्धंच राहिलं," मी म्हणाले. "तो खोटा दाखला माझ्या नावाचा होता."