ताईच्या मापाचे बूट

मी शाळेत बास्केटबॉल शिकवते, त्यामुळे बुटांबद्दलचं माझं मत लोक हक्कानं विचारतात. जुन्या मॉडेलचे ते रेट्रो बूट घ्यावेत का, असं कुणी म्हटलं की मी फटकन सांगायचे, "मुळीच नको. जड असतात, उडी मारली की टाच ठणकते. नुसती मिरवायची हौस!"

हे सांगणाऱ्या बाईच्या कपाटात तसलाच एक जोड वीस वर्षं खोक्यात पडून होता, ही गोष्ट वेगळी. माझी संघात निवड झाली तेव्हा ताई इस्पितळाच्या धुलाईघरात नुकतीच लागली होती. पहिल्याच पगारात तिनं ते पांढरे-लाल बूट आणले. मी ते फक्त अंतिम सामन्याला घातले आणि मग जिवापाड जपले.

गेल्या आठवड्यात माजी खेळाडूंच्या सामन्यासाठी ते बाहेर काढले. तिसऱ्या पावलाला तळ मागे राहिला आणि मी पुढे गेले. माझ्या संघातल्या मुली पोट धरधरून हसल्या. बूटदुरुस्तीवाल्या काकांनी तळ नुसता दाबला, तर त्याचा भुगा झाला.

"बाई, हे झिजले नाहीत, ठेवून ठेवून गेले," ते म्हणाले. "पायात असते तर जास्त टिकले असते."

मला रडूच फुटलं. तो भुगा पिशवीत भरला आणि तडक दुकान गाठलं. तेच मॉडेल पुन्हा निघालं होतं. किंमत वाचून डोळे पांढरे झाले, तरी घेतले. ताईसाठी. ती अजूनही त्याच धुलाईघरात दिवसभर उभी असते, तीही पातळ चपलांत. आमचं माप एकच.

घरी आले तेव्हा ताई गरम पाण्यात पाय सोडून बसली होती. तिनं खोकं उघडलं, बुटांवरून हात फिरवला आणि मला ज्याची भीती होती तेच केलं. झाकण लावून टाकलं.

"छान आहेत गं. कुठं जायचं असलं की घालीन."

"तू जातेस कुठं, ताई?" मी चिडून पिशवी तिच्यासमोर वर्तमानपत्रावर पालथी केली. "हे बघ, मी जपले त्यांचं काय झालं."

तिनं तो भुगा चिमटीत धरून चुरून बघितला. मग पाय पुसले, बूट चढवले आणि ओट्यापासून दारापर्यंत चालून आली.

"अगदी तसेच आहेत."

"तुला काय माहीत? तू कधी घातले होतेस?"

"दुकानात. तू सरावाला गेली होतीस ना, मग माप माझ्याच पायाला बघितलं. चार पावलं चालले होते." ती लाजल्यासारखी हसली. "काढावेसेच वाटत नव्हते बघ."

खाली बसून मी तिच्या बुटांच्या नाड्या बांधल्या. थँक्यू म्हणायला मला वीस वर्षं लागली होती, आणि तेही तिच्या पायांकडे बघूनच म्हटलं.

"उद्या कामाला हेच घालून जायचं."

"अगं, मळतील."

"मळू देत."

सकाळी उठले तेव्हा ताई कामाला गेली होती. दाराशी तिच्या चपला होत्या, आणि खोकं रिकामं होतं.