पाचवा ‘का’

नेहानं मला आधीच सांगितलं होतं. “वहिनी, आमचा सनीदादा आमच्यापाशी तोंड उघडत नाही. काय बोलायचं ते तुमच्याकडच्या त्या खेळात बोलतो. जरा कान देऊन ऐकत जा.”

मी हसले. म्हटलं, “अगं, खेळात तो चोर असतो. चोराचं काय ऐकायचं?”

हा खेळ दर रविवारी चार वाजता मोशीला आमच्या हॉलमध्ये चालतो. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात, फासे टाकतात. प्रत्येकाच्या कागदावर पात्राची वृत्ती लिहायची: सज्जन की दुर्जन, नियम पाळणारा की मोडणारा. माझा नवरा निमिष ‘नियमनिष्ठ सज्जन’ सरदार. हे सज्जन फासे गालिच्यावर टाकून उठतात आणि चौदा महिन्यांच्या ओवीनं ते गिळू नयेत म्हणून मी गुडघ्यांवर फिरते. माझ्याआधी फासे उचलणारा एकच, सनी. नेहाचा भाऊ. त्याच्या चोराचं नाव भुंगा, वृत्ती दुर्जन.

गोष्ट सांगतात नंदकिशोर. चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहेत. आठवडाभर सुट्या भागांतले दोष काढायचे, रविवारी माणसांतले. कुणी वृत्ती सोडून वागलं की लाल पेनानं शेरा, वर कंपनीतल्यासारखी चौकशी. पाच वेळा ‘का’ विचारायचं, पाचव्याला मूळ कारण सापडतं म्हणे.

त्या रविवारी सनी पहिल्या शिफ्टवरून युनिफॉर्मवरच आला. खेळ सुरू झाला तसं भुंग्यानं सगळं सामान वाटून टाकलं. दोर, खंजीर, पांघरूणसुद्धा.

“हे बसत नाही, भावा,” नंदकिशोरांनी लाल पेन उघडलं. “दुर्जन माणूस वाटप का करेल?”

“जड झालंय त्याला.”

“का?”

“झोप नाही.”

“का?”

“डोकं थांबत नाही.”

“का?”

“कुणाशी बोलत नाही ना तो.”

“सामान का दिलं, ते राहिलंच की राव.”

सनी फाशांकडे बघत होता. “आता त्याला लागणार नाही.”

नंदकिशोरांनी कागदावर लिहिलं, ‘कारण समाधानकारक नाही.’

निमिष म्हणाला, “दान केलं म्हणजे सज्जन झाला की.”

“दान विचार करून करतात. हा उधळतोय. बेबंद म्हणू फार तर.”

पाऊण तास. दोन इंजिनिअर, एक भांडण, आणि ज्याच्यावरून भांडण तो मध्ये बसून गार पोहे खातोय. आणि मी, बी.ए. सायकॉलॉजी, विचारतेय, “चहा कोणाला?”

निघताना सनीनं स्वतःच्या फाशांची पिशवी आमच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली. “ओवीला, वहिनी. मोठी झाली की द्या. आत्ता तोंडात घालेल.”

मी थँक्यू म्हणाले.

सोमवारी सकाळी तळेगावहून नेहाचा फोन. “दादानं त्याची गाडी मला देऊन टाकली. म्हणतो, मला आता लागणार नाही.” भुंग्याचंच वाक्य.

ओवीला कडेवर घेतलं आणि रिक्षानं दिघी गाठली. सनी तिथे पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत एकटा राहतो. बऱ्याच वेळानं दार उघडलं. “बरा आहे, वहिनी.” मी आत जाऊन बसले. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तो रडायला लागला. नेहा येईपर्यंत मी हलले नाही. त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेलं, गोळ्या सुरू झाल्या.

परत येताना रिक्षात फोन वाजला. खेळाच्या ग्रुपवर नंदकिशोरांनी मतदान लावलं होतं: भुंग्याची वृत्ती बदलायची का? निमिषनं मत दिलं होतं. ‘हो’ म्हणून, सज्जनच तो.

आता त्याला एकटं सोडायचं नाही म्हणून नेहानं आणि मी पाळ्या लावल्यात. फक्त हा गुरुवार रिकामा आहे. त्याची सुट्टी, तो दिवसभर खोलीत, नेहाला रजा नाही, ओवी तापलीय. सज्जन सरदारांना विचारलं, तर त्यांची मीटिंग आहे हिंजवडीत.

तुम्ही दिघीत राहत असाल तर गिरणीवरचं दार वाजवा. बरा आहे म्हणेल. आत जाऊन बसा, आणि पुन्हा विचारा.