कोलंबोच्या पेट्यांवरचा साचा

मी एक जुना पत्र्याचा साचा आहे. वाळूजच्या कारखान्यात मला कोणी साचा म्हणत नसे, सगळे 'स्टेन्सिल' म्हणत. वहीच्या पानाएवढे माझे अंग, आणि त्यात कोरून काढलेली इंग्रजी अक्षरे: 'मेड इन इंडिया', म्हणजे भारतात तयार झालेले. लाकडी पेटीवर मला घट्ट धरायचे, वरून काळ्या शाईचा ब्रश फिरवायचा आणि मला उचलून घ्यायचे, की पेटीवर तेवढे तीन शब्द उमटतात. मित्रांनो, जन्मभर मी एवढेच बोलत आलो. आज थोडे जास्त बोलणार आहे, कारण ज्यांच्याविषयी सांगायचे आहे ते आता स्वतः सांगू शकत नाहीत.

त्यांचे नाव कडुबा. पैठणकडच्या एका खेड्यातून ते वाळूजला कामाला आले आणि रांजणगावात दोन खोल्या घेऊन राहिले. त्यांचा कारखाना लहान होता. आठ लेथ, म्हणजे धातू कातणारी यंत्रे, आणि एक पत्र्याची शेड. रिक्षाच्या पुढच्या चाकात बसणारे पितळी बुश तिथे तयार होत. बुश म्हणजे बोटभर लांबीची गुळगुळीत नळी. कडुबा पॅकिंगला होते. पहिली परदेशी ऑर्डर आली तेव्हा बाजारातून पुठ्ठ्याचे साचे आणले, ते शाईने भिजून दोन दिवसांत फाटले. मग कडुबांनी जस्ताचा एक पत्रा मागून घेतला आणि छिन्नीने अक्षरे कापली. पहिल्या वेळी 'ए' आणि 'डी' या अक्षरांचे पोटच गळून पडले. शेड हसली. दुसऱ्या वेळी त्यांनी ती पोटे धरून ठेवायला बारीक पट्ट्या सोडल्या. तो दुसरा पत्रा मी.

माझ्या पेट्या श्रीलंकेला जात, कोलंबोला. भारत आणि श्रीलंका यांच्यात व्यापाराचा करार झाला होता. एका देशात खरोखर तयार झालेल्या ठरावीक मालाला दुसऱ्या देशात आयातकराची सवलत मिळे. मात्र तिसऱ्याच देशात बनलेला माल भारताचे नाव लावून आला, तर त्याला सवलत नाही. कोलंबोच्या बंदरावरचा अधिकारी लेथ पाहायला वाळूजला येऊ शकत नाही. तो कागद पाहतो, पेटी पाहतो, पेटीवरचे माझे तीन शब्द पाहतो. असे करार मोठ्या दालनांत होतात, मित्रांनो. पाळले जातात ते मात्र अशा एखाद्या शेडमध्ये, पेटी बंद करणाऱ्या माणसाकडून.

कडुबांना हे कोणी शिकवले नव्हते, तरी ठाऊक होते. पेटीवर मला ठेवण्याआधी ते वरचा खोका उघडत, एक बुश काढून करंगळीत घालत, नाकाशी नेत. लेथच्या तेलाचा ओळखीचा वास आला की म्हणत, "हा आपला." मगच ब्रश उचलत.

लेथवरचा बन्सी त्यांना छळायचा. "काय कडुबाकाका, रोज नवी अंगठी? काकूला सांगू का?"

"सांग की. पितळी हाये म्हणून सांग, म्हणजे भांडण व्हनार नाय."

कोलंबो हे नाव ते जपून उच्चारत. त्यांचे घर बौद्ध. घरात बुद्धाची मूर्ती होती, बाबासाहेबांची तसबीर होती, आणि रविवारी सगळे मिळून पंचशील म्हणत. खोटे बोलणार नाही, हे त्यातले चौथे शील. "बुद्धाच्या देशात चाललीय आपली पेटी," ते बायकोला, लीलाबाईंना, सांगत. आपल्याला कधी जाता येईल असे त्यांना वाटत नव्हते. पेट्या जात होत्या, तेवढ्यावर ते समाधानी होते.

शनिवारी ते मला घरी आणत. रविवारी जादा कामाला येणारे मला वाकवून टाकत, म्हणून. घरी ते मला रॉकेलने पुसत, वर्तमानपत्रात गुंडाळत आणि फळीवर आडवे ठेवत. त्यांची मुलगी रत्नमाला माझ्यातून पेन्सिल फिरवत इंग्रजी अक्षरे शिकली. पुढे ती पुष्कळ शिकली, शहरातल्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल झाली. बापलेकीचे बोलणे पुस्तकांवरून चाले. ती वाचून दाखवी, तिचे अण्णा ऐकत आणि मध्येच विचारत, "मग तो माणूस खरं का नाय बोलला?" कथा कोणतीही असो, त्यांचा प्रश्न हाच असे.

मग श्रीलंकेवर वाईट दिवस आले. त्या देशाकडे परदेशी चलन उरले नाही, बाहेरून माल घेणे जवळजवळ थांबले. इकडे वाळूजच्या शेडमध्ये एकेक लेथ बंद झाला. समुद्रापलीकडच्या दुकानात रिक्षाचा बुश विकला गेला नाही, की इथे बन्सी घरी बसतो. शेजारी देश असे एकमेकांना बांधलेले असतात. मी त्या काळात घरच्या फळीवर पडून होतो. ऑर्डरी पुन्हा येऊ लागल्या तेव्हा पितळ महागले होते, कारागीर पांगले होते आणि कोलंबोच्या व्यापाऱ्याला माल लगेच हवा होता.

कारखान्याचा कारभार तेव्हा मोतीराम पाहत होता. तो कडुबांच्याच गावचा. दोघे एका एसटीने शहरात आले होते. कडुबांना वाटले, लेथ सुरू होतील. तसे झाले नाही.

विजयादशमीचा दिवस होता. कारखान्याला सुट्टी, म्हणून मीही घरीच होतो. कडुबा आणि रत्नमाला दरवर्षीप्रमाणे सकाळीच विद्यापीठामागच्या बुद्धलेणीवर गेले होते. लीलाबाईंचे गुडघे दुखत, चढण झेपत नसे, म्हणून त्या घरी थांबल्या. दुपारी मोतीरामची मोटारसायकल दारात थांबली.

"जय भीम, वहिनी. कडुबाचं स्टेन्सिल द्या बरं जरा."

"आज? आज तर सुट्टी हाये ना, भाऊजी?"

"गाडी भरायचीय. घाई हाये लई. संध्याकाळच्या आत आणून देतो."

मला बाहेर देऊ नये असे लीलाबाईंना कोणी सांगितले नव्हते. आणि मोतीराम परका नव्हता. त्यांनी मला फळीवरून काढून दिले, वर पाणीही विचारले.

शेडमध्ये चोवीस पेट्या होत्या. मी त्यांच्यावर टेकलो तेव्हा मला लेथच्या तेलाचा वास आला नाही. मेणासारखा काहीतरी परका वास होता. कोपऱ्यात फाडलेल्या खोक्यांचा ढीग होता आणि त्यांच्यावर तिसऱ्याच देशाचे नाव होते; बुश तिथून तयार आणलेले होते. मोतीरामने कोणताही खोका उघडून पाहिला नाही. मी चोवीस वेळा तेच तीन शब्द बोललो. पत्र्याला नाही म्हणता येत नाही, मित्रांनो. खऱ्या पेटीवर उमटतात तीच अक्षरे खोट्या पेटीवरही उमटतात.

संध्याकाळी कडुबांनी मला हातात घेतले आणि उलटे केले. पाठीला ओली शाई लागली होती. त्यांच्या हातून असे कधी झाले नव्हते.

"कोण आलं होतं?"

लीलाबाईंनी सांगितले. लेणीवरून परतताना रत्नमाला वाटेतच तिच्या बसने शहरातल्या खोलीवर गेली होती. तिने यातले काही ऐकले नाही.

दुसऱ्या दिवशी ते मला पिशवीत घालून कारखान्यात गेले. पेट्या नव्हत्या. खोक्यांचा ढीग होता. ते मोतीरामसमोर उभे राहिले.

"परत बोलव गाडी."

"मुंबईच्या वाटेला लागली ती."

"मग कर भरून पाठव. खरं नाव लाव अन् पाठव."

"कर भरून भाव बसंल का? कडुबा, ही एक खेप गेली की पुढची ऑर्डर आपली. लेथ चालू. बन्सी कामावर. तूच सांग, बन्सीच्या घरी जाऊन काय सांगू?"

बन्सीच्या बायकोने आदल्याच आठवड्यात लीलाबाईंना काम विचारले होते. कडुबा पॅकिंगच्या टेबलाकडे गेले. मी पाहिलेली त्यांची चूक हीच. ठसा त्यांनी मारला नाही, पण गाडी मुंबईच्या बंदरात पोचेपर्यंत दोन दिवस होते आणि ते दोन दिवस ते गप्प राहिले.

कोलंबोच्या बंदरावर कोणाला तरी शंका आली. पेट्या उघडल्या गेल्या. सवलत रद्द झाली, माल अडकला. व्यापाऱ्याने कळवले की यापुढे तुमच्याशी व्यवहार नाही. वाळूजच्या इतर लहान कारखान्यांच्या पेट्याही तिथे उघडून पाहू लागले. त्यांचा काही दोष नव्हता. पण शंका एका पेटीपुरती राहत नाही.

कारखान्यात चौकशी झाली. मालक होते, मोतीराम होता, बाहेरचे दोघे होते. मी टेबलावर होतो.

"हे स्टेन्सिल कोणाकडे असतं?"

"माझ्याकडं," कडुबा म्हणाले.

"त्या वेळीही?"

"माझ्याच घरी होतं."

ते मोतीरामकडे पाहत होते. मोतीराम टेबलाकडे पाहत होता. पुढचे एक वाक्य बोलायचे, तर लीलाबाईंचे नाव घ्यावे लागले असते. परक्या माणसांसमोर त्यांना उभे करून त्यांचा जबाब घेतला गेला असता. आणि आपण गप्प राहिलो हेही खरेच आहे, असे कडुबांना वाटले असावे. कोलंबोला पत्र गेले: पॅकिंगच्या कामगाराकडून चुकून ठसे मारले गेले. बावीस वर्षांच्या कामानंतर नोकरी गेली आणि कडुबा घरी आले. मीही आलो. भंगारातही मला कोणी घेतले नसते.

रत्नमालेला ही बातमी बाहेरून कळली. ती आली आणि चप्पल न काढता दारातच विचारले, "अण्णा, तुम्ही मारले ठसे?"

लीलाबाई काही बोलणार होत्या. कडुबांनी हाताने थांबवले.

"साचा माझा होता, रत्ना."

"मी ते नाही विचारलं."

ते काही बोलले नाहीत. तिने ते कबुलीचे मौन समजले. ज्या माणसाने तिला प्रत्येक कथेत खरे शोधायला शिकवले, त्याच्याकडून तिला हे सहन झाले नाही. ती येत राहिली, औषधे आणत राहिली, आईशी बोलत राहिली. वडिलांसमोर चहा ठेवायची आणि दुसऱ्या खोलीत जायची. पुस्तक वाचून दाखवणे बंद झाले. तिच्या माघारी कडुबा बायकोला म्हणत, "तिला सांगू नको. ती भांडायला जाईल. अन् तुझं नाव निघंल." शनिवार आला की मला उतरवून पुसत. पुसण्यासारखे माझ्यावर काही नसे.

आठ महिन्यांनी एका सकाळी त्यांच्या छातीत कळ आली. दवाखान्यात पोचेपर्यंत ते गेले होते. शेवटचे बोलणे लीलाबाईंशी झाले. रत्नमाला कामावर होती.

मृत्यूनंतरचा जलदानविधी झाला, पाहुणे गेले. बन्सी आला होता, तो कोपऱ्यात बसून रडला. मोतीराम आला नाही. संध्याकाळी लीलाबाईंनी मला फळीवरून काढले आणि मुलीच्या मांडीवर ठेवले.

"तुझ्या अण्णांनी नाय मारले ठसे. मीच दिलं होतं हे मोतीरामभाऊजीला. विजयादशमीला, तुमी लेणीवर गेलते तवा."

रत्नमालेने मला उचलून घेतले. मग हळूच म्हणाली, "त्या दिवशी अण्णा माझ्यासोबत होते."

"व्हय."

"सकाळपासून. माझ्यासोबत होते, आई."

ती रडली नाही. तिने मला दोन्ही हातांनी धरले होते आणि माझ्या कडा तिच्या तळव्यात रुतल्या होत्या, तरी ती धरूनच बसली. साऱ्या जगात एकच साक्षीदार होती, आणि तीच आठ महिने दुसऱ्या खोलीत जाऊन बसत होती.

दुसऱ्या आठवड्यात ती मला घेऊन कारखान्यात गेली. सहा लेथवर प्लास्टिक झाकलेले होते. जी पुढची ऑर्डर मिळवायची होती ती कधी आलीच नाही. मोतीरामने खुर्ची दिली, चहा मागवला.

"दोन ओळी लिहून द्या, काका. त्या दिवशी अण्णा इथं नव्हते, एवढंच."

"आता लिहून काय व्हनार, पोरी? माणूस तर गेला."

"म्हणूनच तुमच्याकडं आले. त्यांना आता सांगता येत नाही."

मोतीराम खिडकीबाहेर पाहत राहिला. "मलाबी लेकरं हायेत," तो म्हणाला. चहा आला. ती तो तसाच ठेवून उठली.

मग तिने स्वतः कोलंबोच्या व्यापाऱ्याला पत्र लिहिले. माल खोटा होता, तुमचा राग रास्त आहे, पण ठसे मारणारा हात माझ्या वडिलांचा नव्हता, कारण त्या दिवशी मी त्यांच्यासोबत होते. दोन महिने झाले, उत्तर आलेले नाही. एका पेटीने फसलेला माणूस एका पत्राने परत विश्वास कसा ठेवील?

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आमची काळजी घ्या. मला तसे म्हणवत नाही. माझी काळजी फार घेतली गेली. ती थोडी कमी घेतली असती, मी शेडमधल्या खिळ्यावर कोणाच्याही हाताला लागेल असा लटकत राहिलो असतो, तर 'कडुबाच्याच घरी होता' असे कोणी म्हणू शकले नसते.

म्हणून एवढेच मागतो. ठसा दिसला की पेटी उघडून पाहा. आणि घरातल्या माणसावर रागावाल, तेव्हा दुसऱ्या खोलीत जाण्याआधी त्याला आणखी एक प्रश्न विचारा. रत्नमालेने विचारायचा राहून गेलेला प्रश्न अगदी लहान होता: कोणत्या दिवशी? तिने विचारले असते, तर कडुबांनी खरे उत्तर दिले असते. त्यांना दुसरे देता येत नव्हते.